भुईमुगाच्या आधीचा कार्व्हर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे आयोवात सलग दोन दिवस पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी धावत घरात आली. शेजारच्या आजींच्या झाडाला कुणीतरी जिलब्या टांगल्यात, असं तिचं म्हणणं. बाहेर जाऊन पाहतो तर खरंच! त्यांच्या कुंपणालगतच्या सीडरवर जागोजागी लिंबाएवढे तपकिरी गोळे होते आणि प्रत्येक गोळ्यातून केशरी रंगाची, ओलसर, लिबलिबीत शिंगं बाहेर आली होती. बोट लावलं तर बोटाला केशरी पूड लागली.

ती पूड पाहिली आणि पोटात कालवाकालव झाली. कारण तो रंग माझ्या ओळखीचा होता. लहानपणी कराडजवळच्या आमच्या शेतात गव्हातून चालत गेलं की खाकी चड्डी तशीच लालसर व्हायची. मग वडील काही न बोलता बांधावर बसून राहायचे. तांबेरा!

मुलीच्या जन्माच्या वर्षी मी आमच्या अंगणात गोल्डन डिलिशस जातीचं सफरचंदाचं झाड लावलं होतं. गेली तीन वर्षं जून आला की त्याच्या पानांवर पिवळे-केशरी ठिपके यायचे आणि ऑगस्टपर्यंत निम्मी पानं गळायची. नर्सरीतल्या माणसाने फोटो पाहून सांगितलं होतं, शेजारचा सीडर काढायला लावा. आता आली का पंचाईत! त्या सीडरखाली आजींच्या दिवंगत यजमानांनी केलेलं लाकडी बाक आहे. त्या रोज संध्याकाळी तिथे बसतात. त्यांना जाऊन झाड तोडा म्हणून कसं सांगायचं?

खरी लाजेची गोष्ट वेगळीच. मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. ॲग्री केलेला माणूस. वनस्पतिरोगशास्त्रात मार्कही चांगले होते. पण इथे आल्यापासून मी बियाण्यांच्या आकडेवारीचं काम करतो, कॉम्प्युटरसमोर बसून. पानाकडे भिंगातून पाहून किती वर्षं झाली, हे आठवावं लागलं. म्हटलं, तोडायचं का नाही ते नंतर ठरवू, आधी हा रोग नीट समजून घेऊ. म्हणून जुने लेख चाळायला घेतले. या सीडर-सफरचंद तांबेऱ्यावर आयोवात आधी कोणी काम केलंय, हे शोधता शोधता १८९६ सालचा एक शोधनिबंध सापडला. आयोवा अकॅडमी ऑफ सायन्सच्या कार्यवृत्तात छापलेला. एका झाडावरचे बीजाणू दुसऱ्या झाडाच्या पानांवर टाकून रोग लागतो का, हे पाहण्याच्या प्रयोगांवरचा. लेखक दोन : एफ. सी. स्टुअर्ट आणि जी. डब्ल्यू. कार्व्हर.

कार्व्हर? आपला कार्व्हर?

होय, तोच. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ असतंच. मला ते आठवीत बक्षीस मिळालं होतं. १९८१ साली आलेलं ते पुस्तक महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी वाचलंय. इथल्या माझ्या सहकाऱ्यांना कार्व्हर म्हटलं की शाळेतला एखादा धडा आठवतो. आपल्याला मात्र घरातलं माणूस आठवल्यासारखं होतं. पण माझ्या डोक्यातला कार्व्हर म्हणजे भुईमूग, रताळी आणि टस्कीगी. माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, एम्समध्ये, हा माणूस तांबेऱ्याचे बीजाणू पानांवर टाकत बसला होता, हे माझ्या गावीही नव्हतं. मग त्या उन्हाळ्यात मी या भुईमुगाच्या आधीच्या कार्व्हरच्या मागे लागलो.

त्याचा जन्म मिझुरी राज्यातल्या डायमंड ग्रोव्हचा, साधारण १८६४ सालचा. गुलामांच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? त्यामुळे नेमकी तारीख त्यालाही कधी कळली नाही. तो तान्हा असताना त्याला आणि त्याच्या आईला, मेरीला, पळवून नेण्यात आलं. मालक मोझेस कार्व्हर यांनी शोधायला माणूस पाठवला. बाळ तेवढं परत मिळालं आणि त्या माणसाला मोबदल्यात एक घोडा दिला गेला. आई पुन्हा कधीच सापडली नाही. गुलामगिरी संपल्यावर मोझेस आणि सुझन या जोडप्यानेच जॉर्ज आणि त्याचा मोठा भाऊ जिम यांना वाढवलं. जॉर्ज प्रकृतीने नाजूक. शेतातली जड कामं जमायची नाहीत, म्हणून तो घरकाम शिकला आणि उरलेला वेळ रानात घालवू लागला. कुणाचं झाड सुकलं, रोगट झालं की लोक या पोराला बोलवायचे. पुढे ज्याला आपण वनस्पतिरोगशास्त्र म्हणतो, त्याची सुरुवात अशी परसदारात झाली.

शिक्षणासाठी त्याने केलेली वणवण आपण वाचलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. काळ्या मुलांची शाळा निओशो गावात, तिथे मराया वॉटकिन्स या बाईंच्या घरी राहणं. मग कॅन्सासमध्ये गावोगाव. फोर्ट स्कॉटला एका काळ्या माणसाला जमावाने मारलेलं त्याने पाहिलं आणि ते गाव सोडलं. हायलँडच्या कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि हा दारात उभा राहिल्यावर त्याचा रंग पाहून नाकारला. मग नेस काउंटीत माळरानावर मातीच्या ढेकळांचं घर बांधून शेती. तिथून आयोवा. १८९० मध्ये इंडियनोला गावच्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकायला दाखल झाला. पोटासाठी इतर विद्यार्थ्यांचे कपडे धुवायचा.

त्याची चित्रकलेची शिक्षिका एटा बड. मुलगा फुलं-पानं काढतो ती नुसती सुंदर नसतात, अचूक असतात, हे तिने पाहिलं. पण काळ्या माणसाला चित्रं काढून पोट भरता येईल का, ही काळजी तिला होती. तिचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. तिच्या आग्रहाने १८९१ मध्ये कार्व्हर एम्सला आला. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. सुरुवातीला त्याला इतर मुलांबरोबर जेवायला बसू दिलं जात नव्हतं, शेतमजुरांबरोबर तळघरात जेवावं लागे. राहायलाही प्राध्यापक जेम्स विल्सन यांनी आपली कचेरी मोकळी करून दिली, तेव्हा सोय झाली.

एम्समध्ये त्याला लुई पॅमेल हे गुरू भेटले. हे पॅमेल म्हणजे बुरशी आणि जंगली वनस्पतींनी झपाटलेला माणूस. विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ हिंडायचे. कार्व्हर त्यांच्या हाताखाली पडला आणि त्याला त्याची खरी वाट सापडली. १८९४ ला पदवी मिळाली आणि लगेच त्याला तिथेच नेमण्यात आलं. हरितगृह सांभाळायचं, नवख्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि बुरशीचे नमुने गोळा करायचे. पॅमेल यांच्याबरोबर त्याने १८९५ साली एम्स परिसरात दिसलेल्या बुरशीजन्य रोगांची नोंद प्रसिद्ध केली. आणि त्याच सुमारास हे तांबेऱ्याचं काम.

इथे तांबेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर त्या कामाची गंमत कळणार नाही. तांबेरा, म्हणजे विदर्भाकडे ज्याला गेरवा म्हणतात तो, ही बुरशीच. पण ती मोठी लबाड. अनेक तांबेरे आयुष्याचा अर्धा भाग एका झाडावर आणि अर्धा भाग अगदी वेगळ्या कुळातल्या झाडावर काढतात. दोन्हीकडे रूप इतकं वेगळं की पूर्वी लोक त्यांना दोन वेगळ्या बुरशी समजायचे. आमच्या अंगणातल्या तांबेऱ्याच्या सफरचंदावरच्या रूपाला तर रोस्टेलिया असं स्वतंत्र नावच होतं. सीडरवर गाठ येते, ती पिकायला दीड-पावणेदोन वर्षं लागतात. वसंतातल्या पावसात तिला ती केशरी शिंगं फुटतात. त्यातले बीजाणू वाऱ्याने सफरचंदाच्या पानावर जातात. सीडरवरून निघालेले बीजाणू पुन्हा सीडरला लागत नाहीत आणि सफरचंदावरचे सफरचंदाला लागत नाहीत. एकाने दुसऱ्याकडे जायचं, दुसऱ्याने पहिल्याकडे यायचं, अशी ही येरझार.

गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचंही असंच. त्याचं दुसरं घर म्हणजे बार्बेरीचं जंगली झुडूप. १९१६ मध्ये अमेरिकेत गव्हावर मोठी साथ आली आणि १९१८ पासून सरकारने बार्बेरी उपटण्याची मोहीमच काढली. आपल्याकडे बार्बेरीचा फारसा संबंध येत नाही. आपला तांबेरा उन्हाळ्यात थंड डोंगरांवर तग धरतो आणि हिवाळ्यात वाऱ्याबरोबर खाली उतरतो. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र का आहे, हे मला कॉलेजात पाठ होतं. समजलं मात्र आता.

म्हणजे पिकावरचा रोग ओळखायचा तर रानातली झाडं आधी ओळखता आली पाहिजेत. कार्व्हरचं बळ नेमकं इथे होतं. तांबेरा ओळखण्याची रीत तेव्हा जी होती, तीच बरीचशी आजही आहे. पहिला प्रश्न, हे झाड कोणतं? तांबेरा आपल्या यजमान झाडांबाबत फार चोखंदळ असतो, त्यामुळे झाडाचं नाव कळलं की निम्मं काम झालं. दुसरा, पुरळ पानाच्या वरच्या बाजूला का खालच्या? तिसरा, पुरळ फुटून पूड निघते का, आणि तिचा रंग केशरी, तपकिरी का काळा? मग सूक्ष्मदर्शक. बीजाणू एका पेशीचा का दोन पेशींचा, देठ आहे का. शेवटी पान दाबून वाळवायचं, कागदाच्या पाकिटात ठेवायचं आणि त्यावर चिठ्ठी लावायची : झाड, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसेल तर नमुन्याची किंमत शून्य.

मी दहापट भिंग विकत आणलं आणि त्या सीडरखाली उभा राहिलो. इथे सीडरवर तीन भावंडं सापडू शकतात. सफरचंदाच्या तांबेऱ्याची गाठ गोलसर, गोल्फच्या चेंडूसारखे खळगे असलेली, आणि ती एका वसंतातच संपते. हॉथॉर्नच्या तांबेऱ्याची गाठ लहान, वेडीवाकडी, आणि ती वर्षानुवर्षं जगते. क्विन्सच्या तांबेऱ्याला गाठच नसते, फांदी मधेच चातीसारखी फुगते. आजींच्या झाडावरच्या गाठी पहिल्या प्रकारच्या निघाल्या. इतका साधा निष्कर्ष काढायला मला दोन रविवार लागले. पण किती वर्षांनी काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखल्याचा आनंद झाला!

आता कार्व्हरच्या आयुष्यातल्या वळणाकडे येतो. १८९६ मध्ये त्याने एम.एस. पूर्ण केलं. पॅमेल यांच्या मते नमुने गोळा करण्यात त्याच्या तोडीचा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. एम्सला त्याची नोकरी होती, हरितगृह होतं, सूक्ष्मदर्शक होतं, आदर करणारे सहकारी होते. प्राध्यापक हेन्री सी. वॉलेस यांचा छोटा मुलगा त्याचं बोट धरून रानात झाडं पाहायला जायचा. हाच मुलगा पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि मग उपराष्ट्राध्यक्ष झाला. अशा वेळी अलाबामातून बुकर टी. वॉशिंग्टन यांचं पत्र आलं. टस्कीगीला या, आपल्या माणसांना शेती शिकवा. पगार वर्षाला १००० डॉलर.

तो गेला.

हे वाक्य पुस्तकात आठवीत वाचलं तेव्हा मला त्यात काहीच अवघड वाटलं नव्हतं. चांगली माणसं जातातच, असं वाटलं होतं. आता चाळिशी ओलांडल्यावर, स्वतः घर सोडून आल्यावर, ते वाक्य गिळता येत नाही. कारण तो आनंदाने नाचत गेला नव्हता. टस्कीगीला प्रयोगशाळा नव्हती. उकिरड्यावरच्या बाटल्या आणि डबे जमवून त्याने उपकरणं केली, हे आपल्याला माहीत आहे. पण पोचल्यावर काही आठवड्यांतच त्याने व्यवस्थापनाला लिहिलेलं एक पत्र आहे, ते मला माहीत नव्हतं. त्यात तो तक्रार करतो की आपण जिवापाड जमवलेले नमुने ठेवायला जागा नाही, ते खोक्यांत पडून आहेत आणि उंदीर त्यांची नासाडी करतायत. शिवाय आपण इथे फार वर्षं राहणार नाही, काम दुसऱ्यावर सोपवता आलं की पुन्हा चित्रकलेकडे जाणार, असंही त्याने त्यात कळवलं होतं. नमुन्यांसाठी त्याला वेगळी खोली मिळाली, यावरून इतर शिक्षक नाराज झाले. कोंबड्यांच्या खुराड्याच्या कामावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्याचे वर्षानुवर्षं खटके उडाले. म्हणजे आपल्या सगळ्यांसारखाच हा माणूस. काही वर्षं काढू, मग आपलं आवडीचं करू, असं म्हणत तिथे गेला आणि ४६ वर्षं राहिला.

त्या ४६ वर्षांतलं पुढचं सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. कापसाने निःसत्त्व झालेली जमीन, चवळी, रताळी आणि भुईमूग यांची फेरपालट, १९०६ पासून गावोगाव फिरणारी शेतीशाळेची गाडी, १९२१ मध्ये संसदेच्या समितीपुढे भुईमुगावर दिलेली साक्ष. एक दुरुस्ती करतो, पीनट बटर त्याने शोधलेलं नाही, ते आधीपासून होतं. त्याचं मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही.

मला शोधायचं होतं ते हे की त्या बुरशीचं काय झालं? सोडली का त्याने? तर नाही. १९०१ मध्ये त्याने टस्कीगीतून शेतकऱ्यांसाठीच्या पत्रिकांच्या मालिकेत एक अंक काढला, तो तिथल्या मेकन काउंटीत सापडलेल्या सर्कोस्पोरा बुरशींवर. सर्कोस्पोरा म्हणजे आपल्या भुईमुगावरचा टिक्का ज्या गटातला, त्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या बुरशी. त्याने पाठवलेल्या नमुन्यांवरून तज्ज्ञांनी नव्या जातींची वर्णनं केली. कोलेटोट्रायकम कार्व्हेरी, टॅफ्रिना कार्व्हेरी अशा नावांत तो आजही आहे. मधली बरीच वर्षं कामाच्या रगाड्यात हे मागे पडलं. पण पहाटे चारला उठून रानात जाणं त्याने कधी सोडलं नाही. १९३५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला बुरशी आणि पीकरोग पाहणी विभागाचा सहयोगी नेमलं. तेव्हा तो सत्तरीला आलेला. म्हातारपणी पुन्हा पिशवी खांद्याला लावून तो रोगट पानं गोळा करू लागला, पाकिटं भरू लागला, चिठ्ठ्या लिहू लागला. त्याचे नमुने मेरिलंडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या राष्ट्रीय बुरशीसंग्रहात ठेवलेले आहेत.

५ जानेवारी १९४३ ला टस्कीगीलाच तो गेला.  साठवलेले सुमारे ६० हजार डॉलर त्याने संशोधनासाठी ठेवलेल्या संस्थेला दिले. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्याला पुरलं आहे.

आता माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी गावाहून चुलतभावाने, दादाने, सोयाबीनच्या पानाचा फोटो पाठवला. मी ऑफिसच्या मीटिंगमधून एक नजर टाकली आणि तांबेरा आहे, फवारून टाक, असं कळवलं. त्याने उसने पैसे घेऊन दोन फवारण्या केल्या. काही फरक पडला नाही, कारण तो तांबेरा नव्हताच. जिवाणूंमुळे येणारे फोड होते, त्यावर बुरशीनाशक काय करणार? दादा मला एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागलं. वडील असते तर त्यांनीही असंच केलं असतं.

म्हणून मागच्या पावसाळ्यापासून एक नेम केलाय. आमच्याकडे रविवारची सकाळ, म्हणजे गावाकडे संध्याकाळ, त्या वेळी मी फक्त गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बसतो. लोक पानांचे फोटो पाठवतात. मी कार्व्हरच्या चिठ्ठीतलेच प्रश्न विचारतो. पीक कोणतं, कोणत्या शिवारातलं, कधी दिसलं, पानाच्या खालच्या बाजूचा फोटो कुठाय? पान उलटं करून त्यावर पांढरा रुमाल घासायला सांगतो. तांबूस पूड लागली तर तांबेऱ्याचा संशय. पूड नाही आणि फोडाभोवती पिवळं कडं आहे, तर थांबा, फवारू नका, आधी पान घेऊन कृषी विद्यापीठाच्या माणसाला दाखवा. खात्री नसली की तसं स्पष्ट सांगतो. गेल्या हंगामात दादाच्या आळीत चौघांची फवारणी वाचली. मोठं काही नाही. मी परत गेलेलो नाही आणि आता जाईन असंही वाटत नाही. पण रविवारचे ते दोन तास माझे मला परवडतात.

आणि आजींचा सीडर? तो तसाच आहे. हे बीजाणू वाऱ्यावर मैलोगणती जातात आणि आमच्या गल्लीतच आणखी सहा सीडर आहेत, त्यामुळे एक झाड तोडून काही होणार नव्हतं. पिकलेल्या, हाताला येतील तेवढ्या गाठी मी मार्चमध्येच, शिंगं फुटायच्या आधी, कात्रीने काढल्या. आजींनी शिडी धरली. शेजारी लिबर्टी जातीचं सफरचंदाचं रोप लावलंय, त्याला हा तांबेरा फारसा लागत नाही. मुलीने एक गाठ वाळवून पाकिटात ठेवली आहे आणि वर चिठ्ठी लिहिलीय. झाड, ठिकाण, तारीख, आणि गोळा करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव. यंदा डिसेंबरात सुट्टीला गावी जाऊ तेव्हा तिच्यासाठी ‘एक होता कार्व्हर’ आणायचं ठरलंय. तिला मराठी अजून अडखळत वाचता येतं. रोज दोन पानं मी वाचून दाखवीन म्हणतो.